वाफ कुठे गळते

आईच्या फ्रिजवर चुंबकाने अडकवलेला एक कागद होता. शाळेत शिकवताना फळ्यावर लिहिते तसल्या ठळक, वळणदार अक्षरात तिने त्यावर दिवसाचा क्रम लावला होता. सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि जिरं, मग ग्रीन टी. जेवणात मिरची, आलं, दालचिनी. ताकात मिरपूड. दुपारी पुन्हा ग्रीन टी, रात्री सुंठेचं पाणी. सगळ्यात वर एकच शब्द, खाली दोन रेघा मारलेला: मेटाबॉलिझम.

मी ठाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी चार दिवस दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाला येते. वापीला गाडी सोडायची, रिक्षा धरायची आणि दमणगंगेच्या पुलावर आलं की घरी पोचल्यासारखं वाटतं. बाबा आणि काका जळगाव जिल्ह्यातून इथे आले ते करसवलतीमुळे इथे एकामागून एक कारखाने उभे राहत होते तेव्हा. बाबा आता निवृत्त झालेत. काका अजून पिपरियातल्या एका यार्न कंपनीत बॉयलरवर आहे. काकू गावी असली की रात्रपाळी संपवून तो थेट आमच्याकडे चहाला येतो. त्या सकाळीही आला आणि हात-तोंड धुवायच्या आधी कागदासमोर उभा राहिला.

“वहिनी, हे काय नवीन?”

“वाचा की. चयापचय वाढवायचा. चाळिशीनंतर तो मंदावतो. मला बावन्न सरलं, भावजी. आधी इतकंच खायचे तर अंगाला लागत नव्हतं, आता पाणी प्यायले तरी लागतं.”

“आणि त्यासाठी दालचिनी?”

“दालचिनी, मिरची, आलं. उष्ण पदार्थ. आत आग वाढली की चरबी जळणार.”

काका खुर्ची ओढून बसला. पंचवीस वर्षं आगीशेजारी काढलेला माणूस आहे तो. आग हा शब्द कोणी सैल वापरला की त्याला राहवत नाही. “वहिनी, चिमूटभर काही टाकून भट्टी पेटत नाही. किती इंधन आत गेलं, किती जळलं आणि किती राख उरली, याचा हिशोब लागतो. मेटाबॉलिझमचाही लागेल. लावू का?”

“लावा,” आई म्हणाली. “पण शरीर म्हणजे बॉयलर नाही, हे आधीच सांगून ठेवते.”

मी काकाच्या बाजूने एक साक्ष दिली. १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवलं. किती बर्फ वितळला यावरून त्याच्या अंगाची उष्णता मोजली आणि श्वास घेणं म्हणजे एक प्रकारचं सावकाश जळणंच आहे, असं मांडलं. तेव्हा काकाची उपमा अगदीच गैरलागू नाही. आईने माझ्याकडे रागाने पाहिलं आणि चहात आलं जास्तच किसलं.

काकाने विजेच्या बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. वजन ६८ किलो, उंची १५५ सेंटिमीटर, वय ५२. सूत्र मी सांगितलं. दिवसभर नुसतं पडून राहिली, तरी आईचं शरीर साधारण १,२३० उष्मांक खर्च करणार. हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू ठेवायची, अंग ऊबदार ठेवायचं, त्याचा हा खर्च. शाळा, जिने, स्वयंपाक धरून दिवसाची एकूण बेरीज सतराशेच्या घरात जाईल. बहुतेक माणसांत एकूण खर्चाचा ६० ते ७० टक्के वाटा हा असा बसल्या जागचा असतो. खाल्लेलं पचवायलाच दहाएक टक्के लागतात. उरतं ते हालचालीचं.

“आता तुमची मिरची,” काका म्हणाला. “ती किती वाढवते?”

मी सांगितलं की मिरचीतल्या कॅप्सायसिनने खर्च वाढतो हे खरं आहे. पण एरवीच्या जेवणात जेवढी मिरची जाते, तेवढीने फार तर दहा-वीस उष्मांक. प्रयोगांत गोळ्यांमधून भरपूर दिलं, तरी तो आकडा पन्नासच्या आसपासच अडकतो.

“आणि ठेचा परतायला तेल किती घालता?”

“चमचाभर.”

“पाच ग्रॅम तेल म्हणजे पंचेचाळीस उष्मांक.” त्याने आकडा बिलावर लिहिला आणि पुढे सरकवला. “पाण्याचं बघू. आमच्याकडे फीडवॉटर थंड आलं की कोळसा जास्त लागतो, म्हणून हा हिशोब तोंडपाठ आहे. अर्धा लिटर पाणी वीस अंशांवरून सदतीसवर आणायला साडेआठ किलोकॅलरी लागतात. तुम्ही तर कोमट पिता. म्हणजे तीही गेली.”

अर्धा लिटर पाण्याने चयापचय तासभर तीस टक्क्यांनी वाढतो, असा २००३ साली जर्मनीत झालेला प्रयोग फार गाजला. पुढे दुसऱ्यांनी तो करून पाहिला तेव्हा तेवढी वाढ दिसली नाही. ग्रीन टीचंही तसंच. २०१२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने वजनाबाबतचे अनेक प्रयोग एकत्र तपासले, तर फरक इतका बारीक निघाला की तो धरण्याजोगा नव्हता. कॉफीचा परिणाम त्यातल्या त्यात पक्का आहे. १०० मिलिग्रॅम कॅफीनने पुढचे अडीच तास तीन-चार टक्के वाढ. काकाने तोही आकडा लावला. आईच्या शरीरात त्या अडीच तासांत चार-पाच उष्मांक जास्त जातील. चहात एक चमचा साखर टाकली की वीस आत येतात.

आईने चहाचे कप पुढ्यात ठेवले. तिघांच्याही चहात साखर होती.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “मसाल्यांचं सोडून देते. पण अन्नाने काहीच फरक पडत नाही असं म्हणू नका, ते मी ऐकणार नाही. मी तीस वर्षं मुलांची ताटं बघतेय. कोणतं मूल काय खाऊन आलंय ते दुसऱ्या तासाला कळतं. नुसता भात खाल्लेलं पोर अकरा वाजता बाकावर डोकं ठेवतं. कुळथाचं पिठलं खाल्लेलं नाही ठेवत. हा फरक तुमच्या बिलावर कुठे लिहिणार?”

इथे आईचं पारडं जड झालं, आणि पुस्तकं तिच्याच बाजूची आहेत. शंभर उष्मांकांची प्रथिनं पचवायला शरीर त्यातले वीस ते तीस खर्च करतं. कर्बोदकांना पाच ते दहा लागतात, स्निग्ध पदार्थांना जेमतेम तीनपर्यंत. ‘चयापचय वाढवणारे पदार्थ’ म्हणून ज्यांचा गाजावाजा होतो, त्यांत खरी कामाची गोष्ट एवढीच आहे आणि ती मसाल्याच्या डब्यात नाही, डाळीच्या डब्यात आहे. कुळीथ १०० ग्रॅममध्ये २१ ते २२ ग्रॅम प्रथिनं देतो. आपल्या ताटात भात आणि पोळीचा डोंगर, आमटी त्यावर ओतलेली पातळ धार. मग प्रथिनं येणार कुठून?

काकाने तरी आकडा काढलाच. २०० उष्मांक भातातून कमी करून तेवढीच प्रथिनं घेतली तर तीस-चाळीस जास्त जळतील. “हेही डोंगर नाही, वहिनी.”

“नसू दे. पण पोट भरलेलं राहतं ना? अकरा वाजता स्टाफरूममध्ये बिस्किटाचा पुडा फुटतो. पिठलं खाऊन गेले तर माझा हात जात नाही. जे खाल्लंच नाही ते जाळायला नको. हा हिशोब करा.”

काका थोडा वेळ कप फिरवत राहिला. “हा हिशोब बरोबर आहे,” तो म्हणाला.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतो, हे आईचं गृहीतक मात्र मला तसंच सोडवेना. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक लोकांच्या ऊर्जाखर्चाची मापं प्रसिद्ध झाली. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतची माणसं त्यात होती. शरीराच्या आकाराचा हिशोब वेगळा काढल्यावर दिसलं की विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ सपाट राहतो. पुढे वर्षाला साधारण ०.७ टक्के उतरतो. चाळिशीत काही विझत नाही. आईचं चालणं कमी झालंय, झोप तुटलीय, स्नायू घटलेत, आणि घरात मुलांनी टाकलेलं ताट संपवायची सवय मुलं निघून गेली तरी राहिलीय. हे तिला सांगताना मला जड गेलं. तिने तीस वर्षं घर आणि शाळा सांभाळली ती आमच्या ताटातलं उरलेलं खाऊन.

दारात हाक आली. खानवेलकडून येणाऱ्या एक बाई पावसाच्या तोंडावर आमच्या सोसायटीत रानभाजी घेऊन येतात. टोपलीत शेवळांच्या जुड्या होत्या आणि खाज मारायला लागतात ती काकडं. आईने दोन जुड्या घेतल्या आणि नागली आहे का विचारलं. नागली नव्हती. राब भाजून बी पेरलंय, पाऊस झाला की लावणी, मग दिवाळीच्या सुमाराला या, असं त्यांनी सांगितलं. पाठीचा कणा ताठ, पन्नाशी ओलांडलेली, अंगावर चरबीचा कण नाही.

त्या गेल्यावर आई म्हणाली, “बघा. आयुष्यभर नागली खाल्ली. कशी आहे अंगाने!”

“नागलीने नाही,” काका म्हणाला. “डोक्यावर मोळी घेऊन डोंगर चढतात म्हणून. भट्टीवर लोड असला की इंधन जळणारच.”

मला दोघांनाही थांबवावं लागलं. नागली सोन्यासारखं धान्य आहे. १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळात जेमतेम सात-आठ. तंतू ११ ग्रॅम, पांढऱ्या तांदळात तीनच्याही आत. पण प्रथिनं दोन्हींत सातआठ ग्रॅमच, तांदळात कणभर जास्तच. इथल्या वारली आणि कोकणा आदिवासींच्या घरांत नागलीच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ असते, खाडी-ओढ्याचे मासे असतात, मोसमात अशी शेवळं असतात. ताकद त्या जोडीत आहे. एकट्या नागलीला ‘फॅट बर्नर’ म्हणून पाकिटात घालून विकणं हा त्या धान्यावर अन्याय आहे.

काकाच्या मोळीचंही गणित वाटतं तितकं सरळ नाही. २०१२ मध्ये हर्मन पाँट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाड्झा लोकांचा दिवसभराचा ऊर्जाखर्च मोजला. ही माणसं अजून शिकार करून आणि कंद खणून जगतात, रोज मैलोन् मैल चालतात. शरीराचा आकार लक्षात घेतला तर त्यांचा एकूण खर्च अमेरिकेतल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाइतकाच निघाला. शरीर कष्टाला पैसे देतं ते दुसऱ्या कुठल्या तरी खात्यातून काढून.

“म्हणजे?” काकाने विचारलं. त्याला हे पटायला वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता. “लोड वाढवला तरी कोळसा तेवढाच?”

“बराचसा तेवढाच. म्हणून मी म्हटलं, शरीर बॉयलर नाही,” आईने संधी साधली.

“मग त्या बाई बारीक कशाने?”

आई शेवळं निवडत होती. बराच वेळ तिने मान वर केली नाही. “भावजी, त्यांच्या घरी जास्तीचं अन्न कधी होतं?”

जठराग्नी, दीपन, पाचन हे शब्द आपल्या स्वयंपाकघरात शतकानुशतकं आहेत. सुंठ, मिरी, पिंपळी यांचं त्रिकटू घराघरांत होतं. पण ते कोणाला देत? ज्याची भूक मेली त्याला, तापातून उठलेल्याला, बाळंतिणीला. सुंठेचे, डिंकाचे, अळिवाचे लाडू अंग भरून यावं म्हणून. अग्नी प्रदीप्त करायचा तो माणूस दोन घास जास्त खाईल म्हणून. तीच सुंठ आज आम्ही बारीक व्हायला पितो. परंपरेचं नाव घेतो आणि तिचा अर्थ नेमका उलटा करतो. आईला मी हे म्हटलं तेव्हा तिला तिच्या सासूची आठवण झाली. माझ्या वेळच्या बाळंतपणात सुंठ दिली की आजी विचारायची, आता भूक लागली का?

मग आईनेच विषय काढला, जो मी घरी काढणार नव्हते. दोन वर्षांपूर्वी तिने एका दुकानातून चरबी जाळायची पावडर आणली होती. आम्हाला कोणाला सांगितलं नाही. आठवडाभराने रात्री दोन वाजता छातीत धडधड सुरू झाली, हात थरथरायला लागले. बाबा घाबरून काकाला बोलवायला निघाले तर तो ड्युटीवर. सकाळपर्यंत ती पलंगावर बसून होती. डब्यावर कॅफीन आणि हिरव्या चहाचा अर्क लिहिलं होतं, किती ते लिहिलं नव्हतं. कपात बुडवलेली ग्रीन टीची पिशवी निरुपद्रवी आहे. गोळ्या-पावडरींतला आटवलेला अर्क वेगळी गोष्ट आहे. त्या अर्कातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सांगितलं आहे. त्या रात्रीबद्दल मला अजून राग येतो. एक शिकलेली बाई, मुलांना आरोग्याचे धडे देणारी, स्वतःच्या शरीराची इतकी लाज बाळगते की नवऱ्यालाही न सांगता अनोळखी पूड गिळते.

काका हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याचा आवाज बदलला. “वहिनी, मेटाबॉलिझम खरोखर वाढवणारी एक वस्तू आहे. सुरक्षेच्या ट्रेनिंगला वापीतल्या डाय कंपनीचा एक माणूस आला होता, त्याने सांगितलं. डायनायट्रोफेनॉल. काळं कापड रंगवायचा सल्फर ब्लॅक करताना लागतं. पिवळी पूड. हातात घ्यायलाही लोक घाबरतात.”

पुढची हकिकत मला माहीत होती. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे रसायन हाताळणारे कामगार बारीक होऊ लागले. घामाने निथळायचे, अंग तापायचं, काहींचा जीव गेला. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी तेच वजन उतरवायचं औषध म्हणून दिलं आणि हजारो लोकांनी ते घेतलं. वजन उतरलं. मग तरुण बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पडले, माणसं आतल्या उष्णतेने मेली. १९३८ मध्ये तिथे नवा औषध कायदा आला आणि ते दुकानांतून गेलं. त्यावर उतारा नव्हता आणि आजही नाही.

“का मरतात ते सांग,” काका मला म्हणाला. “त्या माणसाने सांगितलं होतं, पण त्याच्या भाषेत.”

मी त्याच्याच भाषेत सांगितलं. पेशीत तंतुकणिका असतात, त्या छोट्या भट्ट्या. अन्न जाळून त्या दाब तयार करतात, वाफेसारखा. तो दाब एका चक्रातून सोडला की शरीराला वापरता येणारी ऊर्जा बनते. डायनायट्रोफेनॉल त्या भट्टीच्या भिंतीला भोकं पाडतं. इंधन जोरात जळतंय, पण चक्र फिरतच नाही. सगळी उष्णता होऊन बाहेर.

काका उभा राहिला. “स्टीम लीक,” तो म्हणाला. “लाइनवर ट्रॅप उघडा राहिला की असंच होतं. कोळसा दुप्पट जातो, लॉगबुकात वाटतं बॉयलर काय जोरात चाललाय, आणि मशिनपर्यंत वाफच नाही. नवीन पोरगा असला तर खूश होतो, जळण वाढलं म्हणून. जुना माणूस आधी विचारतो, वाफ कुठे गळते?”

आईने चाळणीतली शेवळं पाण्यात सोडली. तिचे हात पाण्यातच राहिले.

“माझ्या सातवीत एक मुलगी आहे,” ती म्हणाली. “खानवेलच्या पुढच्या पाड्यातली, वसतिगृहात राहते. मध्यान्ह भोजनाला खिचडी दोनदा घेते, कधी तीनदा. तरी तेरा वर्षांची पोर नऊ वर्षांची दिसते. मी आधी म्हणायचे, किती खाते, जातं कुठे? मग तिला सिव्हिलमध्ये नेलं. सिकलसेल.”

वाफ तिथे गळत होती.

सिकलसेल आजारात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. निरोगी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते. अस्थिमज्जा रात्रंदिवस नव्या पेशी घडवत राहते, हृदय पातळ रक्त जोराने ढकलत राहतं. त्यामुळे या मुलांचा पडल्या जागचा ऊर्जाखर्च बरोबरीच्या निरोगी मुलांपेक्षा जास्त असतो. ज्या वाढलेल्या चयापचयासाठी आईने फ्रिजवर कागद लावला होता, तो त्या मुलीला जन्मतःच मिळाला आहे आणि तिची उंची, तिचं मांस, तिची पाळी येण्याचं वय खातो आहे. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत सापडला. डांग, धरमपूर, दादरा-नगर हवेली, पालघर या सबंध पट्ट्यात त्याची जनुकं आहेत, कारण एका पालकाकडूनच आलं तर तेच जनुक मलेरियापासून थोडं वाचवतं. दोन्हींकडून आलं की आजार. १ जुलै २०२३ ला देशभर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, तपासण्या होताहेत, हायड्रॉक्सियुरिया हे औषध मिळतं. तरी त्या मुलीला रोज लागते ती खिचडीची दुसरी वाटी, आणि वर्गात कोणी तिच्याकडे ‘किती खाते’ म्हणून न बघणं.

“मी बघायचे,” आई म्हणाली. “तशीच बघायचे मी.”

२००१ मध्ये दादरा-नगर हवेलीत ६२ टक्के लोक आदिवासी होते, २०११ मध्ये ५२. आमच्यासारखे बाहेरून आलेले वाढले. एकाच बाजारात एक बाई जास्तीचं जाळायची पूड मागते आणि दुसरी शेवळं विकून तांदूळ नेते. दोघींच्या शरीरात आग तीच. घरी आले की मला हे दर वेळी दिसतं आणि दर वेळी टोचतं.

मग काकाने आईला सरळ विचारलं, “तुमची थायरॉइड केली का कधी? एवढं दमता, केस गळतात, जूनमध्ये पंखा बंद करायला सांगता.” आईने दोन वर्षं टाळलं होतं. थायरॉइडचं संप्रेरक कमी झालं की चयापचय खरोखर उतरतो, आणि तो कुठल्याही मसाल्याने चढत नाही, गोळीने चढतो. रक्तातलं लोहही बघायला हवं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांत रक्तक्षय निघाला. धाप लागणं आणि आळस यांत फरक आहे, तो बाईने स्वतःच आधी मान्य करायला हवा. आईने कबूल केलं, सोमवारी शाळेतून येताना रक्त देऊन येईन.

“पण आता तुमची पाळी,” ती म्हणाली. “तुम्ही रात्री काय खाता?”

काका दचकला. “कॅन्टीनमध्ये. तीनच्या सुमाराला.”

“काय?”

“वडापाव. भजी. चहा दोन-तीन वेळा. झोप येते ना.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. जेवण पचवण्यावर होणारा खर्च सकाळी जास्त, रात्री कमी. २०१४ मध्ये अमेरिकेत रात्रपाळीची नक्कल करून माणसांना प्रयोगशाळेत ठेवलं, तर त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्चच काही टक्क्यांनी उतरला. शरीराचं घड्याळ म्हणत असतं झोप, आणि आपण तेल ओततो. सिल्वासाभोवतीच्या कारखान्यांत हजारो माणसं असं जेवतात. चयापचयाबद्दल बोलायचं तर दालचिनीच्या आधी त्यांच्या तीन वाजताच्या जेवणाबद्दल बोलायला हवं. त्याचा कागद कोणी फ्रिजवर लावत नाही.

“पंचवीस वर्षं दुसऱ्याची भट्टी सांभाळली,” आई काकाला म्हणाली, आणि त्यात टोचणी नव्हती, नुसती कळकळ होती. “भावजी, गावाहून काकू येईपर्यंत डबा माझ्याकडून न्यायचा. संध्याकाळी सात वाजता इथे जेवायचं. पोटभर, बसून. कुळथाचं पिठलं, भाकरी, कांदा. रात्री लागलंच तर दोन उकडलेली अंडी आणि मूठभर भाजलेले चणे. तीन वाजता वडा नाही.”

“चहा?”

“एक. बारा वाजायच्या आत. नाहीतर सकाळी झोप लागत नाही तुम्हाला, माहीत आहे मला.”

काकाने मान हलवली. मग उठून फ्रिजपाशी गेला, कागद काढून आईपुढे ठेवला. तिने पेन घेतलं. ग्रीन टी खोडला, सुंठेचं पाणी खोडलं. मिरचीवर पेन थांबलं.

“मिरची राहू दे,” ती म्हणाली. “मला आवडते.”

तिने उरलेल्या जागेत लिहिलं: कुळीथ दोन किलो. चणे. अंडी. सोमवार, रक्त. त्याखाली त्या मुलीचं नाव लिहिलं आणि त्यासमोर, गूळ-शेंगदाणे, डबा. मग शेवळांना काकडं लावायची म्हणून उठली, आणि काका गादीवर जाऊन पडला. पंखा तिने बंद केला नाही.